माहेर, मय्यत आणि बारा महिन्यांचा हिशेब

आखाजी आली की चाळीसगावच्या स्टँडवर पाय ठेवायला जागा राहत नाही. मालेगाव, पाचोरा, भडगाव, कन्नड, सगळीकडून लेकी माहेरी येतात आणि इथल्या लेकी तिकडे जातात. झोके बांधले जातात, आमरस होतो, सासुरवाशिणीला चार दिवस कुणी कामाला हात लावू देत नाही. सण हिंदूंचा असला तरी त्या दिवसांत आमच्या मोहल्ल्यातल्या लेकीही येतात. शाळांना सुट्ट्या असतात आणि लहानपणच्या शेजारणीही आलेल्या असतात. पलीकडच्या गल्लीतल्या एक पाटलीणबाई दर आखाजीला माझ्या मुमानीला विचारायच्या, "आखाजीले माहेर जावानं नही का?" मुमानी हसून पदर सारखा करायची. पाटलीणबाईंनाही उत्तर माहीत असायचे. मुमानीचे माहेर कराचीला.

मुमानी म्हणजे माझ्या धाकट्या मामूंची बायको. १९८९ साली निकाह होऊन चाळीसगावला आली. तिचे नाव इथे देत नाही, तिनेच नको म्हटले. नाव कागदावर आले की मागोमाग चौकशी येते, हा तिचा पस्तीस वर्षांचा अनुभव आहे आणि मी तो खोडून काढू शकत नाही.

फेब्रुवारी २००९ मध्ये पहाटे कराचीहून फोन आला की अम्मी गेल्या. तेव्हा जोधपूरहून कराचीला जाणारी थर एक्स्प्रेस चालू होती. पैसे होते, मुमानीच्या हातात पाकिस्तानी पासपोर्ट होता, म्हणजे तिकडे उतरायला व्हिसाही लागणार नव्हता. जनाजा मिळाला नसता, पण चाळिसाव्यापर्यंत ती नक्की पोचली असती. मामू सकाळीच एका कचेरीत विचारायला गेले, कारण काही महिन्यांपूर्वीच मुमानीच्या भारतीय नागरिकत्वाचा अर्ज दाखल झाला होता. तिथल्या कारकुनाने फाईल न उघडताच सांगितले, "आता बाहेर गेल्या तर फाईल बंद समजा. आणि परत येऊ देतील की नाही, ते आम्ही सांगू शकत नाही." मुंबईवरच्या हल्ल्याला तेव्हा तीनच महिने झाले होते. मामू घरी आले आणि काही न बोलता बसून राहिले. मुमानी गेली नाही. आईच्या मय्यतीचे सगळे तिने फोन कानाला लावून ऐकले. मागून कुणीतरी कुराण पढत होते, तो आवाज मधून मधून तुटत होता.

त्या कारकुनाचे म्हणणे बरोबर होते का, हे मी तेव्हा विचारले नाही. घरात कुणीच विचारले नाही. सरकारी माणूस बोलला म्हणजे तो कायदा, अशी आपली समजूत. पुढे बऱ्याच वर्षांनी नागरिकत्वाच्या कायद्यावरून देशभर वाद पेटला, तेव्हा मी १९५५ चा मूळ कायदा आणि त्यातल्या दुरुस्त्या वाचायला बसलो. जे वाचले ते इथे लिहितो, कारण आपल्या लोकांत यावर जेवढे बोलले जाते त्याच्या दहाव्या हिश्शानेही वाचले जात नाही.

भारतीय माणसाशी लग्न केलेली परदेशी बाई नोंदणीने नागरिक होते. कलम ५ मध्ये ती तरतूद आहे. १९८६ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी पाच वर्षांचे वास्तव्य लागायचे, २००३ च्या दुरुस्तीने ते सात वर्षे झाले. सात वर्षे कशी मोजायची हेही कायद्यातच आहे. अर्जाच्या लगेच आधीचे बारा महिने सलग भारतात आणि त्या बारा महिन्यांच्या आधीच्या आठ वर्षांत मिळून किमान सहा वर्षे भारतात. म्हणजे आठ वर्षांत दोन वर्षे बाहेर राहिलेली बाईसुद्धा अर्ज करू शकते. आईचे आजारपण, बहिणीचे लग्न, भावाचे बाळ, सगळे त्यात बसते. कायदा लिहिणाऱ्याला माहेर ही गोष्ट ठाऊक होती असे म्हणायला जागा आहे.

अट कडक आहे ती फक्त शेवटच्या बारा महिन्यांची, आणि ते महिने अर्जाच्या आधीचे आहेत. अर्ज दिल्यानंतर देशाबाहेर पाऊल टाकू नये, असे त्या कायद्यात कुठेही लिहिलेले नाही. हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. मुमानीला मी दोन-तीन महिने सांगितलेच नाही.

पण कारकून अगदीच खोटे बोलला असेही नाही. आणि गोष्ट इथेच अवघड होते.

मुमानी इथे लाँग टर्म व्हिसावर होती. आपण त्याला एलटीव्ही म्हणतो. पाकिस्तानी पासपोर्टवर इथे नांदणाऱ्या बायकांना तो मिळतो आणि मुदत संपली की पुन्हा वाढवून घ्यावा लागतो. अशा बाईला पाकिस्तानात जाऊन परत यायचे असेल तर निघण्याआधी भारत सरकारची वेगळी परवानगी लागते. तिला नोरी म्हणतात, म्हणजे भारतात परत येण्यास हरकत नाही. ती मिळायला किती दिवस लागतील ते कुणी सांगत नाही. मय्यत तर कुणाच्या परवानगीसाठी थांबत नाही. नोरी न घेता गेले तर सीमेवरच्या माणसाच्या लेखी ती चाळीसगावची सून नसते, व्हिसा नसलेली पाकिस्तानी बाई असते. घरात तेव्हा एक मुलगा बारावीला आणि एक मुलगी नववीला होती.

दुसरी भीती अर्जाचीच. अर्ज जिल्ह्यातून मुंबईला, मुंबईहून दिल्लीला जातो. वाटेत कुठेही एखादा कागद कमी निघाला तर फाईल परत येते. कधी कधी सगळा अर्जच नव्याने करायला सांगतात. अर्ज नवा म्हणजे बारा महिनेही नवे. मधल्या काळात ती वीस दिवसांसाठी आईला बघून आली असेल तर ते सलग बारा महिने तुटले, पुन्हा शून्यापासून मोजा. म्हणून शहाणी माणसे सांगतात की प्रमाणपत्र हातात येईपर्यंत हलूच नका. एका वर्षाची अट अशी दहा वर्षांची होते. कारकुनाने फाईल बंद होईल म्हटले ते कायद्याप्रमाणे चूक होते. पण त्याने हजार फायली बघितल्या होत्या, व्यवहार त्याला आपल्यापेक्षा जास्त कळत होता.

मुमानीची फाईल खरोखरच एकदा परत आली. प्रमाणपत्र मिळाले २०१८ मध्ये.

हे सगळे नवे आहे असे कुणी समजू नये. आपल्या गावातून जाणारी पंजाब मेल घ्या. १९१२ साली ती सुरू झाली तेव्हा मुंबईच्या बॅलार्ड पियरहून थेट पेशावरपर्यंत जायची. फाळणीनंतर ती फिरोजपूरला थांबली आणि आजही तिथेच थांबते. त्या रुळांवरून आमच्या भागातली किती माणसे १९४७ नंतरही जात-येत राहिली. कुणी नोकरी बघायला गेले, कुणी भावाला भेटायला, कुणी कायमचे जायचे ठरवून गेले आणि मन लागले नाही म्हणून आले. जाणे म्हणजे देश सोडणे, हे त्यांच्या डोक्यातच नव्हते. जुलै १९४८ मध्ये परमिट आले, ऑक्टोबर १९५२ मध्ये पासपोर्ट आले. तोपर्यंत जो प्रवास होता तो हळूहळू गुन्ह्यासारखा दिसू लागला.

भुसावळच्या पुढे बऱ्हाणपूर. मुमानीचे वालिद मूळ तिथले, विणकर. बऱ्हाणपूर, धुळे आणि मालेगावच्या मोमीन घरांत आजही सोयरिकी होतात. त्याच बऱ्हाणपूरच्या एका नवरा-बायकोचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता, मध्य प्रदेश राज्य विरुद्ध पीर मोहम्मद. दोघे तिथलेच, पाकिस्तानात गेले आणि मे १९५६ मध्ये पाकिस्तानी पासपोर्ट आणि व्हिसा घेऊन आपल्या गावी परत आले. व्हिसा संपला तरी गेले नाहीत. मे १९५७ मध्ये देश सोडण्याची नोटीस आली. ते म्हणाले, आम्ही इथे जन्मलो, इथलेच आहोत. परदेशी नागरिक कायद्याखाली खटला झाला. १९५० नंतर गेलेल्या माणसाला फाळणीच्या वेळच्या स्थलांतराचे कलम लावता येणार नाही, असे १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितले. पाकिस्तानी पासपोर्ट घेतल्याने यांचे नागरिकत्व गेले की नाही, हे आधी केंद्र सरकारने ठरवावे, ते ठरल्याशिवाय खटला चालणार नाही. निकाल त्यांच्या बाजूचा म्हणायचा, पण सहा वर्षे आपल्याच गावात आपण कोण आहोत हे माहीत नसताना काढायची, हे कसे असेल त्याचा मी विचार करतो. एका प्रवासाने दोन माणसे आपल्या गावात परदेशी झाली होती.

आता उलट बाजू बघू. माझ्या मावसभावाचा मुलगा अमेरिकेत न्यू जर्सीला एडिसनमध्ये आहे. धुळ्याला शिकला, पुण्यात नोकरी केली, मग तिकडे गेला. ग्रीन कार्डाची वाट बघताना त्याचीही तीच गत होती. अर्ज पडून असताना आगाऊ परवानगीशिवाय बाहेर पडले तर बऱ्याच जणांचा अर्ज सोडून दिल्यात जमा होतो. एच-वन व्हिसावाल्यांना त्यातून सूट आहे म्हणून तो वाचला. भारतात जन्मलेल्यांची ती रांग किती लांब आहे हे पुण्या-नाशिकच्या प्रत्येक घराला माहीत आहे. तिकडे सगळे गोड आहे असे मी म्हणत नाही.

पण ग्रीन कार्ड मिळाल्यावरचा हिशेब त्याला पाठ आहे. पाच वर्षे थांबायचे, त्यातले किमान तीस महिने प्रत्यक्ष देशात काढायचे. एका फेरीत सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर वास्तव्य तुटले असे धरतात, तुटले नाही हे तुम्ही पटवून द्यायचे. वर्ष ओलांडले तर तुटलेच. त्याने फोनमध्ये तक्ता करून ठेवला होता, गेलो कधी, आलो कधी, किती दिवस उरले. नागरिकत्वाचा अर्ज दिल्यानंतर त्याचे वडील वारले. तो तिसऱ्या दिवशी धुळ्यात होता. कब्रीवर माती द्यायला उशीर झाला म्हणून रडला, पण आईजवळ दोन आठवडे बसला आणि मुलाखतीच्या तारखेला परत गेला. मुलाखतीत त्याला प्रवासाबद्दल विचारले. त्याने तारखा सांगितल्या. संपले.

कॅनडात पाच वर्षांत १,०९५ दिवस भरावे लागतात, ते कसे भरायचे ते तुमचे तुम्ही बघा. ब्रिटनमध्ये साधारणपणे पाच वर्षांत ४५० दिवसांपेक्षा जास्त आणि शेवटच्या वर्षात ९० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहू नये, असा नियम आहे. शेवटचे वर्ष तेही कडक धरतात, पण त्या कडक वर्षातही आईच्या मय्यतीला जाऊन येता येते. (आखातातल्या आपल्या पोरांना हा हिशेब लागूच नाही. तिथे तीस वर्षे राबले तरी नागरिकत्व मिळत नाही आणि सहा महिने बाहेर राहिले तर साधारणपणे राहण्याची परवानगीही जाते. मुस्लिम देश म्हणून त्यांना सवलत द्यायची माझी तयारी नाही.)

मला दिवस मोजण्याबद्दल तक्रार नाही. देशाने विचारावे की बाबा, तू इथे राहतोस ना? रास्त प्रश्न आहे. पण मोजपट्टी आधी हातात द्यावी आणि मध्येच बदलू नये. एडिसनच्या पोराच्या हातात ती होती. मुमानीच्या हातात नव्हती. ती कुठेतरी एका टेबलाच्या खणात होती आणि ज्याच्या हाती खण, तो सांगेल तेवढी लांबी.

आपल्याकडेही मुसाफिराचा हिशेब आहे. कुठल्याही गावी पंधरा दिवस किंवा त्याहून जास्त राहायची नियत केली की हनफी मसलकात माणूस मुसाफिर राहत नाही, मुकीम होतो, नमाज पुरी पढतो. त्याहून कमी असेल तर कसर. आणि लग्न होऊन सासरी नांदायला गेलेल्या बाईचे वतन तिचे सासर धरतात. माहेर लांब असेल आणि ती पंधरा दिवसांपेक्षा कमी राहणार असेल तर आईच्या घरातही ती मुसाफिर. २००५ मध्ये मुमानी कराचीला गेली तेव्हा बारा दिवसांचाच मुक्काम होता. ज्या खोलीत ती लहानाची मोठी झाली त्या खोलीत तिने चारच्या जागी दोन रकात पढल्या आणि तिची आई दारात उभी राहून बघत होती. हे ती अजून सांगते. शरियतेने तिला नांदायला आल्यापासूनच चाळीसगावची मानले होते, सरकारला त्यासाठी एकोणतीस वर्षे लागली.

सुरक्षेचा प्रश्न खोटा आहे असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. मुंबईत माणसे मारली गेली, २२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये २६ माणसे मारली गेली, आणि त्यानंतर सरकारने कडक होऊ नये असे कुणी कसे म्हणेल. पण ज्या बाईचा पत्ता, फोटो, बोटांचे ठसे वीस वर्षे पोलिसांच्या रजिस्टरात आहेत, जी गाव सोडून जायचे तर आधी विचारते, तिच्याइतकी तपासलेली बाई आख्ख्या तालुक्यात दुसरी नसेल. पहलगामनंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, त्यातून एलटीव्ही वगळला. हे सरकारने बरोबर केले आणि तसे म्हटले पाहिजे. पण अटारीचा नाका बंद झाला तेव्हा ज्या बायका नोरी घेऊन, सगळे नियम पाळून, माहेरी गेल्या होत्या, त्यांच्यातल्या काही तिकडेच अडकल्या आणि लेकरे इकडे राहिली. नियम पाळून गेलेल्या बाईची ही हालत झाली की पुढची बाई काय शिकते? शिकते ते हेच, की जाऊच नये.

इथे कुणी म्हणेल, हा सगळा सीएएचा परिणाम. नाही, बाबांनो. २०१९ च्या त्या कायद्यात मुसलमानांना वगळले, त्यावर माझा आक्षेप आहे आणि मी तो आधी लिहिला आहे. पण मुमानीसारख्या सुनांचा रस्ता वेगळा, कलम ५ चा, आणि तो सीएएच्या आधीही असाच खड्ड्यांचा होता. जळगावच्या सिंधी कुटुंबांना विचारा. त्यांच्यातही पाकिस्तानातून आलेले, एलटीव्हीवर वर्षानुवर्षे राहिलेले लोक आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये सरकारने पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि बांगलादेशातून आलेल्या हिंदू, शीख वगैरे सहा समाजांसाठी काही जिल्ह्यांच्या कलेक्टरांनाच नागरिकत्व देण्याचे अधिकार दिले. महाराष्ट्रातले नागपूर, मुंबई, पुणे आणि ठाणे त्यात होते. जळगाव नव्हते. म्हणजे उल्हासनगरच्या सिंधी माणसाचे काम ठाण्यात होणार आणि जळगावच्या सिंधी माणसाची फाईल मुंबईला जाणार. एकदा सरकारी रांगेत मुमानीच्या शेजारी एक सिंधी आजी बसल्या होत्या. त्यांचे भाऊ सखरला वारले होते, त्याही गेल्या नव्हत्या. दोघी सिंधी-उर्दू मिसळून तासभर बोलल्या. वगळल्याबद्दलचे आपले भांडण खरे आहे, पण त्या भांडणात वाट बघणाऱ्याची रोजची अडचण कुणीच मांडत नाही.

आता आपल्या घरातले. हे लिहिताना मामूंची माफी मागतो, ते आता हयात नाहीत. १९८९ साली आलेल्या बायकोसाठी तेव्हाच्या कायद्याप्रमाणे १९९४ नंतर कधीही अर्ज करता आला असता. अर्ज झाला २००८ मध्ये. चौदा वर्षे का गेली? "करू, काय घाई आहे." दुकान, पोरांच्या शाळा, वकिलाचे पैसे. आणि खरे कारण म्हणजे घरात कुणाला ते काम आपले वाटलेच नाही. व्हिसा वाढवायला मामू तिला न्यायचे, सही कुठे करायची ते दाखवायचे, पासपोर्ट परत आपल्या कपाटात ठेवायचे. मुमानीला आपल्या व्हिसाची मुदत कधी संपते हे वीस वर्षे माहीत नव्हते. पीर मुसा कादरी बाबांच्या उरुसाची तारीख मात्र तोंडपाठ होती, ती मामूंनी कधी चुकवली नाही.

सीमेपलीकडची सोयरीक करताना आपण हुंडा, दागिने, वलीम्याला किती माणसे, सगळे ठरवतो. मुलीचा कागद काय होणार हे कुणी विचारत नाही. काझीसाहेब मेहर लिहून घेतात, व्हिसा कुठला आहे ते बघत नाहीत. आता अशी लग्ने जवळजवळ थांबली आहेत, पण झालेली लग्ने आहेत, आणि त्यांच्या लेकरांचाही प्रश्न आहे. ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्या मुलाचे आई-बाप दोघे भारतीय हवेत, किंवा एक भारतीय असेल तर दुसरा बेकायदा राहणारा नसावा. म्हणजे बाळाच्या जन्माच्या वेळी आईचा व्हिसा संपलेला असेल तर ते निष्काळजीपण बाळाच्या नावावर चढते. ही गोष्ट मशिदीत जुम्याला एकदा सांगितली तर काय बिघडेल?

कागद द्यायला दुसरा देशही लागतो, हे तर आपण धरतच नाही. भारतीय होण्याआधी पाकिस्तानी नागरिकत्व सोडल्याचे प्रमाणपत्र लागते, आणि त्यांचा कायदा एकवीस वर्षांखालच्याला ते देत नाही. केरळमधल्या दोन बहिणींनी २०१७ मध्ये आपले पाकिस्तानी पासपोर्ट जमा केले, पण वय कमी म्हणून ते प्रमाणपत्र मिळाले नाही. पासपोर्ट दिला, नागरिकत्व सुटले नाही, दुसरे मिळाले नाही. हायकोर्टात एका न्यायमूर्तींनी त्यांच्या बाजूने निकाल दिला, २०२५ मध्ये खंडपीठाने तो फिरवला. अशा माणसाने प्रवास करायचा कशावर?

२०१५ च्या दुरुस्तीत एक चांगली गोष्ट झाली, जिची आपल्याकडे कुणी दखल घेतली नाही. शेवटच्या सलग बारा महिन्यांत खास परिस्थिती असेल तर सरकार जास्तीत जास्त तीस दिवसांची सूट देऊ शकते, तीही तुकड्या-तुकड्यांत. २००९ मध्ये ही सूट असती तर कदाचित मामूंनी हिंमत केली असती. पण ही सूट सरकारच्या मर्जीवर आहे आणि आधी जाऊन या, मग कारण पटले तर देऊ, अशी तिची चाल आहे. एवढ्यावर कोण सामान बांधेल? आई-बाप, भाऊ-बहीण किंवा मूल वारले किंवा मरणाच्या दारात असले, तर ते तीस दिवस हक्काचे असावेत, मृत्यूचा दाखला नंतर जोडता यावा, आणि परत येण्याची परवानगी जिल्ह्याच्या ठिकाणी दोन दिवसांत मिळावी. अर्ज कागदासाठी परत पाठवला तर पहिली तारीख कायम राहावी. आणि निर्णय किती दिवसांत द्यायचा हे लिहावे, कारण मुदत अर्जदाराला बांधते तशी कचेरीलाही बांधली पाहिजे. यातले काहीही मुसलमानांसाठी वेगळे मागणे नाही. सखरवाल्या आजींनाही तेच लागणार होते. आपल्या खासदार-आमदारांकडे आपण कब्रस्तानाची भिंत आणि शादीखाना मागतो, हेही एकदा मागून बघू.

मुमानीने २०१९ च्या उन्हाळ्यात भारतीय पासपोर्ट काढला. निळा पासपोर्ट हातात आला तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "आता कराचीला जायला काय लागते?" आता व्हिसा लागतो, पाकिस्तानचा, कारण ती भारतीय आहे. त्याच ऑगस्टमध्ये समझौता आणि थर या दोन्ही गाड्या बंद झाल्या. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस तितूर आणि डोंगरीचे पाणी गावात शिरले, घरात मांडीएवढे पाणी झाले, तेव्हा तिने तांदळाचा डबा सोडला आणि कागदांची पिशवी डोक्यावर धरून शेजारच्या गच्चीवर चढली. २०२५ मध्ये अटारीही बंद झाले. त्या आठवड्यात जुन्या यादीत नाव राहिलेले म्हणून एक माणूस चौकशीला आला. तिने प्रमाणपत्र दाखवले, त्याने फोटो काढला, चहा घेतला आणि गेला.

पासपोर्ट दहा वर्षांचा आहे, २०२९ पर्यंत. त्यात अजून एकही शिक्का नाही. कपाट आता तिचे आहे, किल्लीही तिच्याकडेच असते. परवा मी विचारले की नूतनीकरण कधी करायचे ते माहीत आहे ना, तर तिने तारीख सांगितली, महिन्यासकट.